खडपातली मुद्दल

 

आम्ही मालवण तालुक्यातल्या एका किनाऱ्यावरच्या गावच्या अकरा जणी. कोकम, पापड, सुकी मासळी ही कामे आम्ही आधीपासून करतो. गेली तीन वर्षे एक नवे काम धरले आहे. पाहुण्यांना होडीने खोल पाण्यात नेऊन गळाने मासे धरू द्यायचे. शहरातली माणसे याला अँगलिंग म्हणतात, फिशिंग चार्टर म्हणतात. चार्टर म्हणजे एवढेच, की अख्खी होडी दिवसभरासाठी एकाच मंडळीला भाड्याने द्यायची.

पहिल्यांदा ही गोष्ट बैठकीत निघाली तेव्हा आमच्यातली एक काकी म्हणाली, "आमचे घोव जल्मभर मासे धरतत, तेंका कोण पैसे दिता? आणि ही माणसा पैसे देऊन धरतली?" आम्ही सगळ्या हसलो. पण लोक खरेच पैसे देतात. अंदमानात तर परदेशातली माणसे केवळ एका जातीचा मासा गळाला लावायला येतात. तो मासा म्हणजे आपला कोकर. आपल्याकडे तो बाजारात आला तर आपण भाव विचारून पुढे जातो.

मग या लोकांना हवे तरी काय असते? त्यांना झुंज हवी असते. समुद्राच्या तळाशी जिथे खडक असतात, त्याला आम्ही खडप म्हणतो. खडपात राहणारे मासे अंगाने जड, शेपटीने रुंद आणि स्वभावाने हट्टी. गोबरा गळाला लागला की सरळ आपल्या कपारीकडे धावतो. एकदा आत शिरला की कल्ले फुगवून असा अडकून बसतो, की दोन माणसे ओढली तरी हलत नाही. तांबोशी दात मारून दोरा तोडते, नाहीतर खडकावर घासून तोडते. कोकर तर एका दमात कितीतरी वाव दोरा ओढून नेतो आणि रीळ किंचाळायला लागते. म्हणून पाहुण्यांकडे वेणीसारखा विणलेला मजबूत दोरा असतो आणि गळाजवळ जाड नायलॉनचा तुकडा असतो. मासा लागल्यावरचे पहिले काही क्षण महत्त्वाचे. तेवढ्यात त्याला तळापासून वर उचलला नाही, तर मासा गेला आणि गळही गेला.

आमचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. दोघी जणी चहा, घावणे आणि चटणी करतात. दोघी बर्फाची पेटी, पिण्याचे पाणी आणि लाइफ जॅकेट मोजून होडीवर देतात. तांडेल वारा बघतो. उजाडता उजाडता होडी सुटते आणि दुपारी ऊन चढायच्या आत परत येते. तोवर जेवण तयार असते. हंगाम दसऱ्यानंतर सुरू होतो. मे सरता सरता होड्या वर ओढतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते आणि नारळी पौर्णिमेआधी आमच्यातले कोणी समुद्रात जायचे नावही काढत नाही.

आता पहिल्या वर्षी काय झाले ते सांगतो. लपवण्यासारखे त्यात काही नाही, आणि तुमच्यापैकी कोणाच्या उपयोगी पडेल.

पाहुणे आणून देणारा एक एजंट होता. तो होडीचे साडेतीन हजार आणि जेवणाच्या ताटाला दीडशे रुपये द्यायचा. आम्हाला ते बरे वाटत होते. एकदा जेवून हात धुताना एका पाहुण्याने सहज विचारले, "ताई, अठरा हजारांत जेवणसुद्धा धरलेले आहे ना?" ज्या ताईला विचारले, तिच्या हातातला तांब्या तसाच राहिला. डिझेल आमचे, होडी आमची, माणूस आमचा, पहाटे चारला उठणाऱ्या आम्ही, आणि अठरा हजार हा आकडा आम्ही पहिल्यांदा त्या दिवशी ऐकला.

राग त्या माणसाचा आला, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. पापडाचा भाव आम्ही दुकानदाराशी भांडून घेतो. इथे मात्र पाहुणा किती देतो, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते. पुढच्या बैठकीत ठरले. पाहुणे गटाच्या फोनवर बोलतील, पैसे गटाच्या खात्यात येतील, आणि एजंटने आणलेल्या पाहुण्यामागे त्याला ठरलेली दलाली मिळेल. तो आठ दिवस रुसला आणि नंतर आला.

हा झाला पैशांचा भाग. पण आज खरे सांगायचे आहे ते दुसरेच.

दुसऱ्या वर्षी माघात पुण्याचे चार पाहुणे आले होते. त्यातल्या एकाला वीस वाव पाण्यात मोठा गोबरा लागला. अर्धा तास झुंज चालली. मासा वर आला, होडीत घेतला, फोटो झाले. पाहुणा भला माणूस. म्हणाला, याला सोडून द्या. सोडला. पण मासा खाली जाईना. पोट वर करून तरंगायला लागला. डोळे बाहेर आलेले, तोंडातून पिशवीसारखे काहीतरी लोंबलेले. तासाभराने तो मेला आणि होडीतून घरी आला. वजन भरले अठरा किलो.

काही जणी खूश झाल्या. अठरा किलो म्हणजे बाजारात चांगले पैसे. पण आमच्या काकीने कोयती खाली ठेवली. तिचा नवरा लहान होडी घेऊन त्याच खडपावर गरवायला जातो. ती म्हणाली, "ह्यो त्या खडपाचो राखणदार होतो. आज इकलो तर पैसे येतीत. उद्या थंय काय गावतला?"

संध्याकाळी तिचा नवरा आणि आणखी दोन घरची माणसे आली. त्यांचे म्हणणे सरळ होते. आम्ही एका गळावर घर चालवतो. तुमचे पाहुणे मजेसाठी येतात आणि आमच्या खडपातले मोठे मासे संपवतात. हे बंद करा. त्या तीन घरांतल्या तिघी आमच्याच गटात. म्हणजे भांडण बाहेरचे नव्हते, आमच्या चटईवरच बसलेले होते. गट फुटायची वेळ आली होती.

गावातली एक मुलगी रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकते. ती सुट्टीला आली होती. तिला बैठकीत बोलावले. तिने सांगितले ते ऐकून आम्ही गप्प झालो. गोबऱ्याच्या बऱ्याच जाती जन्मतात मादी म्हणून. अंडी घालतात, मोठ्या होतात, आणि मोठेपणी त्यातल्या काहींचे नर होतात. एक जण हसून म्हणाली, "म्हणजे बायलमाणसाचो बापयो होता?" हशा झाला. पण मुलगी म्हणाली, हसू नका, याचा अर्थ बघा. खडपातला सगळ्यात मोठा गोबरा बहुधा नर असतो. तो काढला तर बाकीच्या माद्यांची अंडी फळायची कशी? आणि दुसरी मादी वाढून त्याच्या जागी यायला वर्षे लागतात.

तिने तांबोशीचेही सांगितले. तांबोशीची पिल्ले खाडीत, कांदळवनाच्या मुळांत वाढतात आणि मोठी झाली की बाहेर खडपावर जातात. म्हणजे आमच्या घरामागची कांदळवनाची झाडे आणि बाहेरचे खडप हे एकच शेत आहे. रोपवाटिका इथे, पीक तिथे.

मग आमच्या हिशेब लिहिणाऱ्या ताईने जे म्हटले, त्यावर सगळे भांडण थांबले. ती म्हणाली, "गटात आपण काय करतो? व्याज वाटून घेतो, मुद्दलीला हात लावत नाही. मोठा गोबरा आणि लहान पिल्ले ही खडपातली मुद्दल. मधला मासा हे व्याज. व्याज खाऊया."

त्या रात्री आमचे नियम झाले. भिंतीवर लावले आहेत, आणि पाहुण्यांना होडीत बसायच्या आधी वाचून दाखवतो.

पहिला नियम. मोठा गोबरा आणि लहान कुठलाही मासा परत पाण्यात. एका फेरीला जेवणापुरते मधल्या आकाराचे दोन मासे ठेवायचे, त्याहून जास्त नाही. शासनानेही २०२३ साली ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिला आहे. त्याहून लहान मासा धरणे बेकायदा. व्हेल शार्क आणि पोवळी यांना तर वन्यजीव संरक्षण कायद्याचेच संरक्षण आहे.

दुसरा नियम. नुसते सोडून चालत नाही, मासा जगेल असा सोडायचा. तो पुण्याच्या पाहुण्यांचा मासा का मेला? माशाच्या पोटात हवेची पिशवी असते. खोल पाण्यात वरच्या पाण्याचा दाब असतो, तो दहा मीटरवरच पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. मासा भराभर वर ओढला की दाब जातो आणि पिशवी फुग्यासारखी फुगते. मग बिचारा खाली जाऊच शकत नाही. त्याला खाली पोचवावे लागते. त्यासाठी आम्ही मासळीचा साधा प्लास्टिकचा क्रेट घेतला. तो उलटा धरायचा, तोंडाच्या कडेला चारही बाजूंनी सारखे वजन बांधायचे आणि वरच्या तळाला दोरी. तरंगणाऱ्या माशावर क्रेट पालथा घालून हळूहळू खाली सोडायचा. खाली दाब वाढला की पिशवी आवळते आणि मासा स्वतःच क्रेटखालून निघून जातो. पहिल्यांदा क्रेट रिकामा वर आला तेव्हा होडीवरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. प्रत्येक मासा वाचतोच असे नाही, पण डोळ्यांदेखत तरंगत मरत नाही. खेरीज ओल्या हातानेच मासा धरायचा, कल्ल्यात बोट घालून टांगायचा नाही, पोटाला आधार द्यायचा आणि एक फोटो होताच सोडायचा. गळाचा काटा आम्ही पकडीने दाबून ठेवायला सांगतो, म्हणजे तो पटकन निघतो.

तिसरा नियम. ज्या खडपावर गावची गरवणारी होडी उभी असेल, तिथे पाहुण्यांची होडी जाणार नाही. नांगर पोवळ्यांवर टाकायचा नाही. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले, त्याच्या हद्दीत गळ टाकायचा नाही.

चौथा नियम जिवाचा. मासेमारीचा परवाना म्हणजे माणसे नेण्याचा परवाना नव्हे. प्रवासी नेण्यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी लागते. पहिल्या वर्षी आम्हाला हेही ठाऊक नव्हते. देवाच्या कृपेने काही झाले नाही, पण कृपेवर धंदा चालवू नये. आता प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट असल्याशिवाय होडी सुटत नाही, मग पाहुणा कितीही पोहणारा असो. किती माणसे गेली, कधी परतणार, हे वहीत लिहून एक जण किनाऱ्यावर थांबते. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक त्या वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात आहे. आणि तांडेल नाही म्हणाला की नाही. पाहुण्याने दुप्पट पैसे देऊ केले तरी नाही.

पाचवा नियम हिशेबाचा. आलेल्या पैशांतून आधी डिझेल, तांडेल आणि खलाशाची मजुरी, बर्फ, जेवणाचे साहित्य. उरतील त्यांचे तीन भाग. एक होडीच्या घराला, एक त्या दिवशी राबलेल्या बायांना, एक गटाच्या खात्यात. ज्या माणसांचे खडप आहे त्यांनाही यात जागा दिली. काकीचा नवरा आता आठवड्यातून दोन दिवस आमचा तांडेल असतो. कुठल्या खडपावर किती वाव पाणी आणि कुठल्या भरतीला मासा तोंड लावतो, हे त्याच्याइतके कोणाला माहीत? पाहुणे त्याचे ऐकतात, त्याला सर म्हणतात. घरी येऊन तो ते दोनदा सांगतो.

सगळे गोड झाले असे मात्र नाही. त्या तीन घरांतले एक घर अजून नाराज आहे. त्या ताई बैठकीला येतात, बचत भरतात, पण पाहुण्यांच्या कामाला येत नाहीत. आम्ही आग्रह करत नाही. त्यांच्या घरच्या माणसाने खडपावर आयुष्य काढले आहे. काही पाहुणेही नियम ऐकून परत जातात. म्हणतात, पैसे दिले तर मासा आमचा. त्यांना आम्ही सांगतो, पैसे तुम्ही झुंजीचे दिलेत. झुंज तुमची, मासा समुद्राचा.

मैत्रिणींनो, तुमच्या गावाला समुद्र नसेल. पण जंगल असेल, विहीर असेल, गायरान असेल, आंब्याची बाग असेल. बाहेरचा माणूस पैसे घेऊन दारात आला की पुढच्या बैठकीत दोन प्रश्न वहीत लिहा. तो खरे किती देतोय आणि आपल्या हातात किती येतेय, हा पहिला. यात आपली मुद्दल कोणती आणि व्याज कोणते, हा दुसरा. उत्तर सापडेपर्यंत बैठक मोडू नका. आमची त्या रात्री साडेअकराला मोडली, घरचे जेवायचे थांबले होते. त्या एका रात्री उशिरा जेवले, त्याने काही बिघडले नाही.

कधी मालवणला आलात तर या. सोलकढी आणि मासे तयार असतील. गोबरा मात्र मोठा मिळणार नाही, तो खाली राखणीला आहे.

नमस्कार.