कुत्र्याची लूत



आज मी कुत्र्याविषयी बोलणार आहे. हसू नका. रात्री वस्तीवर परका माणूस आला, तर आधी कोणाला कळते? कुत्र्याला. पण त्याच कुत्र्याला लूत लागली, केस झडले, की आपण दगड मारतो. "पिसाळेल" म्हणून काठी उगारतो. लूत आणि पिसाळणे यांचा काही संबंध नाही. (चावा कोणत्याही कुत्र्याचा असो, जखम साबणाने धुवून लगेच माणसांच्या दवाखान्यात जावे. ते वेगळे.)

लूत कशाने होते? कोणी म्हणतो, रक्त बिघडले. कोणी म्हणतो, उष्णता वाढली. खरे कारण एक किडा आहे. गोचीड तुम्ही पाहिली आहे. तिला आठ पाय असतात. या किड्यालाही आठच. तो गोचिडीचा भाऊबंद, पण फार बारीक. ज्वारीच्या एका दाण्याच्या रुंदीत असे दहा किडे ओळीने बसतील. मादी कातडीत बोगदा पाडत पुढे जाते आणि मागे अंडी घालत जाते. ३ ते ५ दिवसांत अंडी फुटतात. सुमारे ३ आठवड्यांत पिले मोठी होतात, की पुन्हा अंडी. म्हणून कुत्रे रात्रंदिवस खाजवते. आधी कानांच्या कडा, पायांची कोपरे आणि पोट येथले केस जातात. मग कातडी जाड होते, खपल्या धरतात.

आता माझी चूक सांगतो. १९९१ साली आमच्या मोत्याला लूत लागली. लोक म्हणाले, "गुरुजी, ट्रॅक्टरचं जळकं तेल चोळा, किडे मरतील." मी शाळेत आरोग्य शिकवणारा माणूस. पण मी कोणाला विचारले नाही. अंगभर तेल चोळले. कुत्रा अंग चाटणारच. तेल पोटात गेले. दुसऱ्या दिवशी तो ओकू लागला, तिसऱ्या दिवशी गोठ्यामागे मेलेला सापडला. माझी धाकटी मुलगी विचारू लागली, "अण्णा, किडे मेले का?" मला उत्तर देता आले नाही.

रॉकेल आणि पिकावर फवारायचे औषध यांचेही तसेच आहे. ते लावू नका.

गुरांच्या दवाखान्यात कुत्रीही तपासतात. डॉक्टर कातडी थोडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. औषध कुत्र्याच्या वजनावर ठरते. म्हणून बैलासाठी आणलेले इंजेक्शन अंदाजाने टोचू नये. आणि एकदा औषध दिले, कुत्रे बरे दिसले, की आपण थांबतो. तिथेच चुकते! राहिलेली अंडी फुटतात. सांगितलेल्या दिवशी पुन्हा न्या. घरी दोन कुत्री असतील तर दोघांनाही न्या. निजायचे पोते उकळून काढा, नाही तर जाळा.

पिलाच्या डोळ्यांभोवती केस गेले, पण खाज फारशी नाही, तर तो दुसरा किडा असू शकतो. तो आईकडून पिलाला येतो. पुष्कळदा पिलू आपोआप बरे होते.

आयाबहिणी विचारतात, "पोरांना लागतं का हो?" लागते. लूत लागलेले कुत्रे कुशीत घेतले, तर हातावर, पोटावर पुरळ उठते. पण हा किडा माणसाच्या अंगावर वाढत नाही. कुत्रे बरे झाले, की पुरळही जाते. मात्र घरात सगळ्यांनाच रात्री खाज सुटते, बोटांच्या बेचक्यांत फोड येतात, ती बहुधा माणसांची खरूज. तिचा दोष कुत्र्याला देऊ नका. डॉक्टरांचे औषध घरातल्या सर्वांनी एकाच वेळी लावा.

आता काही विचारायचे असेल तर विचारा. आणि हो, दाराशी ते तांबडे कुत्रे बसले आहे, त्याचे कान मला ठीक दिसत नाहीत. ते कोणाचे?