लिंबाखालची माती



मला बोलायला सांगितलं तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं असेल, ही आता कॉम्प्युटरवर बोलणार. मी बोलणार आहे मंडूकपर्णीवर.

परीक्षेच्या दिवसांत डोक्याला ब्राह्मीचं तेल थापून येणारे आपण! पण नर्सरीत ब्राह्मी मागितली, की पुष्कळदा हाती मंडूकपर्णी येते. जलब्राह्मी वेगळी. तिची पानं बारीक, जाडसर. तिला ऊन चालतं आणि पाणी भरपूर लागतं. मंडूकपर्णीचं पान गोलसर, कडा दातेरी, आणि आवड सावलीची. ती जमिनीवर सरपटते नि पेरापेराला मुळं धरते. एक तुकडा तुटला तरी बाकीचे जगतात. आमच्या भाषेत सांगायचं तर हिला मुख्य सर्व्हरच नाही.

परभणीच्या 42 अंशांत ती टिकते का? आमच्या आईच्या घरी भिंत आणि कंपाउंडमधल्या बोळात, कूलरखाली टिकली. तिला ओल हवी असते, नेमके त्याच महिन्यांत कूलर गळतो. आपली काळी माती पावसाळ्यात चिकट, उन्हाळ्यात भेगाळलेली. म्हणून तीत शेणखत नि थोडी वाळू मिसळली आणि जूनमध्ये मुळं धरलेले तुकडे फूटफूट अंतरावर लावले. दुसऱ्या पावसाळ्यात माती दिसेनाशी झाली.

आता मुद्द्याचं. आपल्या बॅचच्या निधीतून शाळेच्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायचं ठरतंय. चिखल जाईल, चांगलंच आहे. पण ब्लॉक लिंबाच्या बुंध्याला भिडले, तर मुळांना पाणीही मिळणार नाही नि हवाही. ज्याच्या सावलीत आपण दहा वर्षं डबे खाल्ले, ते झाड आपल्याच पैशांनी वाळू नये.

म्हणून विनंती आहे. बुंध्याभोवती सहा फूट माती उघडी ठेवू. पिण्याच्या टाकीच्या नळाखाली सांडणारं पाणी तिकडे वळवू; साबणाचं मात्र नको. तिथं मंडूकपर्णी लावू. रोपं आईच्या बोळातून येतील.

अडचण मे महिन्याच्या सुट्टीची. तेव्हा नळ बंद. मी पुण्यात. त्या दिवसांत एक दिवसाआड पाणी घालायला गावातली माणसं हवीत. चहाच्या टेबलावर वही ठेवली आहे. परभणीकरांनी नावं लिहावीत.