मृगाआधी टायर बघा



मे महिना चालू आहे. घरं शाकारून झाली, सरपण आत आलं, पापड-कुरडया डब्यात गेल्या, बियाण्याची जुळवाजुळव सुरू आहे. पावसाआधीच्या या कामांत आज आम्ही आणखी एक काम घालणार आहोत. घरच्या गाडीचे टायर बघायचे.

कुणी म्हणेल, हे तर पुरुषांचं काम. पण गाडीवर मागे कोण बसतं? एक हात पिशवीला, एक हात पोराला, अशा आपणच बसतो. आणि आता तर आपल्यातल्या कितीतरी जणी स्वतः स्कूटी चालवतात. किन्हवली-डोळखांबकडून शहापूरला, टोकावडे-धसईकडून मुरबाडला रोजची ये-जा असते. कुणाला कसारा घाट चढायचा असतो, कुणाला माळशेज. पावसात माळशेजला धुकं उतरलं की दहा पावलांवरचं दिसत नाही. अशा वेळी ब्रेक लावल्यावर गाडी थांबणार की घसरणार, हे टायरवर ठरतं. दुचाकीचा टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तीन-चार बोटांएवढा. आपलं सगळं वजन तेवढ्यावर असतं.

बर्फाच्या देशांत लोक हिवाळ्याआधी गाडीचे टायर बदलतात. थंडीत साध्या टायरचं रबर कडक होतं आणि पकड सुटते, म्हणून हिवाळ्यासाठी मऊ रबराचे, बारीक चिरा असलेले वेगळे टायर मिळतात. जर्मनीत तर २०१० पासून कायदाच आहे, की बर्फ पडलेल्या रस्त्यावर असे टायर नसतील तर गाडी काढायची नाही. आपल्याकडे बर्फ नाही, वेगळे टायरही लागत नाहीत. पण चार महिने पाऊस आहे. मग ऋतू बदलायच्या आधी टायर बघायची त्यांची रीत आपण का घेऊ नये?

टायरवर खाचा असतात. त्या नक्षीला गॅरेजवाले ग्रिप म्हणतात. ती शोभेची नाही. रस्त्यावरचं पाणी त्या खाचांतून बाहेर फेकलं जातं आणि रबर डांबराला टेकतं. खाचा झिजल्या की पाण्याला वाट राहत नाही. वेग असेल तर टायर पाण्यावर तरंगायला लागतो. मग हँडल वळवा नाहीतर ब्रेक दाबा, गाडी ऐकत नाही.

आता टायर कसा बघायचा ते सांगतो. टायरच्या कडेला छोटा त्रिकोण किंवा इंग्रजीत टी-डब्ल्यू-आय अशी अक्षरं असतात. अक्षरं वाचता येत नसतील तर शाळेतल्या लेकीला हाक मारा. त्या खुणेच्या सरळ रेषेत, खाचेच्या तळाशी रबराचा बारीक उंचवटा असतो. वरचं रबर झिजून त्या उंचवट्याला येऊन भिडलं, की टायर संपला. कायद्यानं दुचाकी आणि रिक्षाच्या टायरची खाच कमीत कमी ०.८ मिलिमीटर आणि जीप, ईको, कार यांची १.६ मिलिमीटर खोल हवी. पण पावसाळ्यात त्या खुणेपर्यंत वाट बघू नका. घरगुती माप हवं असेल तर आगपेटीची काडी खाचेत आडवी ठेवा. काडी साधारण दोन मिलिमीटर जाड असते. ती खाचेतून वर डोकावायला लागली, तर नव्या टायरच्या पैशांची सोय बघायला घ्या. टायरच्या मधोमध आणि दोन्ही कडांना, तिन्ही ठिकाणी बघा. आपल्याकडच्या उन्हानं रबराला भेगा पडतात, त्याही बघा. कडेला फुगवटा आला असेल तर खाचा कितीही खोल असोत, तो टायर काढाच.

दुकानात गेलात तर तीन गोष्टी विचारा. पहिली, माप. टायरवर ९०/१००-१० असं लिहिलं असेल, तर ९० मिलिमीटर रुंदी, त्या रुंदीच्या १०० टक्के उंची आणि १० इंची रिम. गाडीच्या पुस्तकात असेल तेच माप घ्यायचं. जाड टायर दिसायला दणकट असतो, पण चुकीच्या रिमवर तो नीट बसत नाही. दुसरी, तारीख. टायरच्या एका बाजूला लांबट चौकटीत चार आकडे असतात. १८२५ असतील तर २०२५ सालचा अठरावा आठवडा, म्हणजे मे महिन्याची सुरुवात. वर्षानुवर्षं दुकानात पडून राहिलेला टायर नवा म्हणून घेऊ नका. तिसरी, ट्यूब. तारांच्या चाकाला सहसा ट्यूबवाला टायर लागतो. ट्यूबलेसचा फायदा असा, की खिळा घुसला तरी हवा हळूहळू जाते आणि गाडी सावरायला वेळ मिळतो. पण त्याला तसंच रिम हवं.

मोठ्या बटणांचे टायर चिखलाच्या रानवाटेवर चांगले. ओल्या डांबरावर मात्र त्यांचं रबर कमी टेकतं. आपली रोजची वाट डांबरी असेल तर साधे, खोल खाचांचे टायर बरे. आणि स्वस्त मिळतो म्हणून जुना टायर घेऊ नका. घासलेल्या टायरवर गरम पात्यानं पुन्हा खाचा कोरून विकणारेही असतात. त्या खाचांखाली रबर किती उरलंय ते वरून कळत नाही.

टायर बसवताना तिथेच उभ्या राहा. कडेवर बाण असेल, तर चाक पुढे फिरतं त्याच दिशेला तो हवा. एका दुकानात आमच्या गटातल्या एका ताईच्या स्कूटीला उलटा टायर बसवला होता. तिनं बाण दाखवला, तेव्हा कारागिरानं मुकाट्यानं काढून सरळ केला. नव्या टायरबरोबर ट्यूब नवी, ट्यूबलेस असेल तर व्हॉल्व्ह नवा. मागचा झिजलेला टायर पुढे टाकायचा नाही. पावसात पुढचं चाक घसरलं की सावरणं फार अवघड. चारचाकीला दोनच नवे टायर घेणार असाल तर ते मागे लावा. चाकाचे नट समोरासमोरचे आवळून घ्या आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. पक्कं बिल मागा.

नवा टायर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गुळगुळीत असतो. म्हणून तो भर पावसात बसवण्यापेक्षा आत्ताच, कोरड्या रस्त्यावर वापरात आणायचा. मृग निघतो जूनच्या सात-आठ तारखेला. दिवस मोजा.

पावसात हवा थोडी कमी ठेवली तर पकड वाढते, असं बरेच जण सांगतात. चिखलात ते ठीक, ओल्या डांबरावर उलट होतं. टायर दबतो, खाचा मिटतात, पाणी अडकतं. गाडीच्या पुस्तकात जितके पौंड दिलेत तितकीच हवा भरा, तीही टायर थंड असताना. दोघं बसणार असाल तर मागच्या चाकाचा आकडा वेगळा असतो, तो बघा.

टायर नवा आहे म्हणून वेग वाढवायचा नाही. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागतं. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर येते, तेव्हा सगळ्यात जास्त जपा. आवणीच्या दिवसांत ट्रॅक्टर शेतातला चिखल डांबरावर आणतात. श्रावणात गावातल्या सिमेंटच्या रस्त्यावर शेवाळ धरतं. तिथे अचानक ब्रेक नको, हळूच वळा.

राहता राहिला पैसा. टायरचा खर्च एकदम अंगावर येतो, म्हणून तो पुढे ढकलला जातो. बाकीचं सगळं घेऊन झालं की मग टायर, अशी घरोघरची रीत. बचत गटाचं अंतर्गत कर्ज आपण बियाण्याला, शिलाई मशीनला, पोरांच्या फीला देतो. मग टायरला का नाही? हाड मोडलं तर दवाखाना, बुडालेली मजुरी आणि गेलेली आवणी यांची बेरीज एकदा कागदावर मांडा. टायर स्वस्त वाटेल.

पोरांना शाळेत नेणाऱ्या रिक्षाचे आणि ईकोचे टायरही बघा. भाडं आपण देतो, पोर आपलं आहे, तेव्हा विचारायचा हक्क आपला आहे. "दादा, जरा टायर बघू दे," एवढंच म्हणा. भांडायला लागत नाही.

गटाच्या पुढच्या बैठकीला ज्या गाडीवरून याल, ती अंगणात उभी करा. आगपेटी बरोबर आणा. हिशोबाची वही उघडायच्या आधी सगळ्या मिळून खाचा बघा आणि ज्या गाडीचा टायर संपलाय, तिचं नाव कर्जाच्या यादीत सगळ्यात वर घाला. यंदाची आवणी सगळ्यांची धडधाकट होवो.