दोन दारांची खिडकी



पातूरला मे महिन्यात भर दुपारी दार उघडं राहिलं तर काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. वावटळ येते आणि आत्ताच पुसलेल्या ताटावर बोटानं नाव लिहिता येईल इतकी माती बसते. अशा वेळी माझी आई स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. पाणी हवं असेल तर ओसरीवरून आवाज द्यायचा. ती भिंतीतल्या झरोक्यात तांब्या ठेवायची, आपण तो बाहेरून उचलायचा. पुढं मी क्लीनरूम बसवण्याचं काम धरलं, तेव्हा तोच झरोका स्टीलचा होऊन समोर आला. कारखान्यात त्याला पास बॉक्स म्हणतात.

क्लीनरूम म्हणजे हवेतले कण मोजून ठेवलेली खोली. औषधनिर्मितीत नेहमी भेटणाऱ्या आयएसओ ७ वर्गाच्या खोलीत, एक घनमीटर हवेत अर्ध्या मायक्रॉनचे आणि त्याहून मोठे कण ३ लाख ५२ हजारांपेक्षा जास्त चालत नाहीत. आयएसओ ५ वर्गात हाच आकडा ३,५२० वर येतो. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज घ्या. आणि अशा खोलीत सगळ्यात जास्त कण कोण आणतं? माणूस. त्याची कातडी, केस, कपडे. म्हणून सामान आत जावं पण माणूस जाऊ नये, यासाठी भिंतीत ही दोन दारांची पेटी. एका वेळी एकच दार उघडायचं, एवढाच तिचा धर्म.

एकच का, हे मला एकदा एका गवंडीभाऊंना समजावून सांगावं लागलं. पेटी बसली होती, ब्लोअर चालू होता, खोली अजून ताब्यात द्यायची होती. त्यांनी विचारलं, “साहेब, दोन्ही दारं एकदाच उघडली त काय होते?” मी त्यांच्या हातात पेटवलेली अगरबत्ती दिली आणि बाहेरच्या बाजूला उभं केलं. आतलं दार बंद होतं तोवर धूर सरळ वर जात होता. दोन्ही दारं उघडली तसा तो त्यांच्या तोंडावर आला, कारण स्वच्छ खोलीत हवेचा दाब शेजारच्या खोलीपेक्षा दहा-पंधरा पास्कल जास्त ठेवलेला असतो. पाण्याच्या भाषेत तो चढ जेमतेम एक-दीड मिलिमीटरचा. भाऊ म्हणाले, “मंग बरंच हाये न, घाण बाहीर जाते.” मी म्हटलं, आता पेटीत ठेवलेली बाटली उचला. त्यांनी हात आत घातला आणि कोपरापाशी धुराची एक बारीक शेपटी वळून आत शिरली. दाब तोवर उतरला होता, आणि हाताबरोबर बाहेरची हवा आत ओढली गेली. ते काही बोलले नाहीत. पण त्या दिवसानंतर मजुरांनी पेटीत डबा ठेवला की तेच ओरडायचे.

अशा एका निसटत्या क्षणाची किंमत मराठी मुलखानं फार पूर्वी पाहिली आहे. मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत, आजच्या हाफकिन संस्थेत, वाल्डेमार हाफकिन यांची प्लेगची लस बनत असे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावी १०७ जणांना ती टोचली. त्यांतली १९ माणसं धनुर्वातानं गेली. गेलेल्या सगळ्यांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. ठपका परळवर आला आणि हाफकिनना पद सोडावं लागलं. नंतर पुढं आलं ते असं, की गावात बाटलीचं बूच काढताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडलं.

आता आपल्याकडची गोष्ट. पातूरला आयुर्वेद महाविद्यालय आहे, अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. शिकून बाहेर पडलेली पोरं विचारतात: केळीची ऊतिसंवर्धित रोपं करायची आहेत, अळिंबीचं बियाणं करायचं आहे, पास बॉक्स कोणता घेऊ? मी उलट विचारतो, तुझा ट्रे केवढा आहे? याचं कारण माझीच एक फजिती. आतून दोन फुटांची पेटी मागवली, भिंतीत बसवली, आणि बाटल्यांचा ट्रे निघाला दोन फूट दोन इंच. पुढं ती भिंत फोडली तेव्हा उडालेली धूळ आठवडाभर पुसत होतो.

दोन्हीकडच्या खोल्या सारख्याच स्वच्छ असतील तर साधी, बिनपंख्याची पेटी पुरते. कमी स्वच्छ खोलीतून जास्त स्वच्छ खोलीत सामान न्यायचं असेल, तर पंखा आणि हवेतले बारीक कण अडवणारा हेपा फिल्टर असलेली घ्यावी. पंखा-फिल्टर डोक्यावर बसतात, त्यामुळे ती बाहेरून बरीच उंच होते. छत आधी मोजा. वजन भिंतीच्या पॅनेलवर टाकू नका, खाली ब्रॅकेट द्या. पेटी पाणसळ लावून बसवा, नाहीतर दार वाकडं लागतं आणि गॅस्केट एका कोपऱ्यात उघडं राहतं. स्वच्छ बाजूला पेटीचं तोंड भिंतीशी सपाट हवं. अर्ध्या इंचाची कड राहिली तरी तिथं धूळ बसते. सांध्यात पांढरं सिमेंट भरणारे अजून भेटतात. ते तडकतं. सिलिकॉन भरा.

पेटीतल्या निळ्या दिव्याविषयी माझं मत जरा कडू आहे. अल्ट्राव्हायोलेट दिवा लावला की सगळं शुद्ध झालं, असं लोकांना वाटतं. तो किरण जिथं पडतो तिथलेच जंतू मारतो; बाटलीच्या तळाखाली, ट्रेच्या सावलीत त्याचा काही इलाज नाही. दिवा जुना झाला की निळा दिसत राहतो, पण मारत नाही. त्यापेक्षा ७० टक्के अल्कोहोलनं बाटली पुसून ठेवणारा एक शहाणा मुलगा मला जास्त भरवशाचा वाटतो. ७० टक्केच, कारण त्यातलं पाणी जंतूंमधली प्रथिनं मोडायला मदत करतं. शुद्ध अल्कोहोल काम व्हायच्या आत उडून जातं.

राहिलं कुलूप. दोन्ही दारं एकदम उघडू नयेत म्हणून इंटरलॉक असतो. चुंबकाचा, विजेवर चालणारा इंटरलॉक दिसायला झकास, हिरवे-लाल दिवे लागतात. पण वीज गेली की चुंबक सुटतो आणि दोन्ही दारं मोकळी होतात. नेमका त्याच वेळी ब्लोअर बंद पडून खोलीतला दाबही गेलेला असतो. आपल्याकडे लाइट किती वेळा जाते, हे मी रेडिओवरून काय सांगू! लहान प्रयोगशाळेला साधा यांत्रिक खटका घ्या. एक दार उघडलं की दांडा दुसरं अडवतो, त्याला वीज लागत नाही. चुंबकाचाच हवा असेल तर इन्व्हर्टरची जोडणी आधी करून घ्या.

विक्रेता माहितीपत्रक घेऊन आला, की रंग-रूप बघण्याआधी त्याला एवढंच विचारा: लाइट गेल्यावर ही दारं काय करतात? त्यानं फोन लावून दुसऱ्याला विचारलं, तर चहा पाजा आणि ऑर्डर मात्र देऊ नका.