गाऱ्हाण्याची चळवळ कशी झाली?

(गावच्या शाळेच्या पटांगणात एका शिक्षकाने केलेले भाषण)



स्वराज्य १९४७ साली आले, हे शाळेतले पोरही सांगते. पण ते निघाले कोठून, असे विचारले की आपण पुण्या-मुंबईच्या सभांकडे बोट दाखवितो. माझे म्हणणे असे की, त्याची एक वाट आपल्याच बांधावरून गेली आहे.

सिन्नर तालुक्यातील नांदूर शिंगोटे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. तेथे १८५७ च्या ऑक्टोबरात भागोजी नाईकाच्या भिल्लांनी पोलिसांशी झुंज दिली. हेन्री नावाचा इंग्रज अधिकारी त्यात ठार झाला. १८५९ साली भागोजीही लढता लढता पडला. शौर्यास काही उणे नव्हते. परंतु एकट्या डोंगराने लढून राज्य हालत नाही. खालच्या शिवारानेही उठावे लागते.

शिवार उठले १८७५ साली. त्याआधी, १८६१ ते १८६५ पर्यंत, अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते. तिकडचा कापूस थांबला आणि आपल्याकडचा महागला. युद्ध संपताच भाव कोसळला. सरकारने मात्र नव्या पाहणीत ठिकठिकाणी सारा वाढविला. सारा रोख द्यायचा, तोही ठरल्या हप्त्याला! पैसा आणावा कोठून? सावकाराकडून. अक्षरशत्रू कुणब्याने रोख्यावर निशाणी केली, आणि तोच रोखा कोर्टातून त्याच्या जमिनीवर चालून आला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे लोकांनी सावकारांवर चाल करून रोखे जाळले. ते लोण नगर जिल्ह्यातही पसरले. सरकारने १८७९ साली शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्याने सावकाराचा हात थोडा आखडला. सारा ठरविणारा हात तसाच मोकळा राहिला.

तो दुसरा हात जोतीराव फुल्यांनी दाखविला. १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकात त्यांनी सारा, जंगलखाते, कचेरीतील लुबाडणूक आणि आपले अज्ञान, या चारींचा हिशेब एका ठिकाणी मांडला. १८८८ साली पुण्यात राणीच्या मुलाच्या सत्काराला ते शेतकऱ्याच्या वेषात गेले, आणि खरी रयत अशी आहे, हे त्यांनी पाहुण्याला तोंडावर सांगितले. इंग्रजांनी निघून जावे, असे जोतीरावांनी म्हटले नाही. पण राजाकडे हिशेब मागण्याची सवय त्यांनी रयतेला लावली, आणि हिशेब मागणारा मनुष्य फार दिवस गुलाम राहत नाही.

१८७८ च्या जंगल कायद्याने राखीव रान झाले. ज्या गवतावर आपली गुरे पिढ्यान् पिढ्या चरली, ते कापणे गुन्हा ठरला. १९३० साली गांधीजींनी मीठ उचलले, तेव्हा समुद्रापासून दूर असलेल्या आपल्या लोकांनी विळा उचलला. बागलाणात, संगमनेरात, बिळाशीस जंगल सत्याग्रह झाले. कुलाबा जिल्ह्यात चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी गोळ्या झाडल्या गेल्या आणि माणसे पडली. केशवराव जेध्यांसारखे ब्राह्मणेतर पुढारीही त्या लढ्यात उतरले. मीठ, गवत आणि सारा यांची निरनिराळी गाऱ्हाणी एकाच प्रश्नाशी येऊन मिळाली: आम्हांला न विचारता आमच्यावर कायदा करणारे तुम्ही कोण? त्या दिवशी अर्जाची चळवळ झाली.

आता घरची गोष्ट सांगतो. ती लपविणे मास्तरास शोभणार नाही. गांधीजी १२ मार्च १९३० रोजी दांडीकडे निघाले. त्याच्या दहाच दिवस आधी, २ मार्चला, आपल्या नाशकात अस्पृश्य बांधव काळारामाच्या दाराशी सत्याग्रहास उभे राहिले. डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड त्यांचे पुढारी होते. वर्षानुवर्षे सत्याग्रह चालला, तरी दार उघडले नाही. इंग्रजांना विचारलेला प्रश्न त्यांनी आपल्याच लोकांना विचारला होता. त्याला आपण काय उत्तर दिले?

म्हणून, बंधूंनो, दोन गोष्टी गाठीस बांधा. शेजाऱ्याचे गाऱ्हाणे आपले माना, मग तो कोणत्याही आळीचा असो. आणि कागद वाचल्याशिवाय अंगठा उठवू नका. सुप्याच्या आगीत जे रोखे जळाले, ते वाचता येत असते तर त्यांवर निशाणी झालीच नसती. पोरीला आणि पोराला उद्या शाळेत पाठवा. मी दारात उभा आहे.