वाजवून पोट भरेल का?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



व्यवसाय मार्गदर्शनाच्या या व्याख्यानमालेत आतापर्यंत डॉक्टरांचे बोलणे झाले, इंजिनियरचे झाले, बँकेच्या परीक्षांचेही झाले. ते आवश्यकच होते. माझ्या वाट्याला आलेला विषय जाहीर झाला तेव्हा मागच्या रांगेतले एक-दोन पालक हसले, ते मी पाहिले. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत वाजविणारे कलावंत, आणि त्यांचा व्यवसाय! "पोरगं वाजवून पोट भरणार का?" हा प्रश्न त्या हसण्यात होता. प्रश्न वाजवी आहे. ज्याला घर चालवायचे आहे त्याने तो विचारलाच पाहिजे. मी आज त्याच प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करणार आहे, आणि ते उत्तर गोड करून सांगणार नाही.

आधी दोन शब्द या संगीताविषयी. याला चेंबर म्युझिक म्हणतात. चेंबर म्हणजे खोली, दिवाणखाना. युरोपातील सरदार-उमरावांच्या दिवाणखान्यात थोड्या लोकांसमोर वाजविण्यासाठी जे संगीत रचले गेले ते हे. त्यातला सर्वांत मानाचा प्रकार म्हणजे स्ट्रिंग क्वार्टेट. दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो अशी चार तंतुवाद्ये. हातात छडी घेऊन समोर उभा राहणारा संचालक यात नसतो. आपल्या बैठकीत मुख्य गवई एक असतो आणि बाकीचे साथीला. येथे चौघेही मुख्य आणि चौघेही साथीदार. एकाचा सूर ढळला तर तो झाकायला शेजारी दुसरे कोणी तेच वाजवीत नसते.

अशा मैफली बहुधा मालिकेने होतात. एखादे सभागृह किंवा मंडळ वर्षभराच्या तारखा आखते, श्रोते आगाऊ पैसे भरून जागा राखून ठेवतात आणि कलावंताला तारीख मिळते. त्याचे वर्ष या तारखांवर उभे असते. तारखा नसतील तर कितीही तयारी असली तरी चूल पेटत नाही.

अशा एका मालिकेची हकीकत ऐका. १९३९ च्या सप्टेंबरात दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि लंडनमधील नाटकगृहे, संगीतगृहे सरकारने बंद केली. रातोरात शेकडो वादक बेकार झाले. त्या शहरात मायरा हेस नावाची एक पियानोवादक बाई होती. नाव मोठे होते, अमेरिकेचा दौरा ठरलेला होता. तो रद्द करून ती नॅशनल गॅलरी या चित्रसंग्रहालयाचे संचालक केनेथ क्लार्क यांच्याकडे गेली. बाँबहल्ल्याच्या भीतीने तेथील चित्रे आधीच हलविली होती. भिंती रिकाम्या होत्या. तेथे दुपारच्या सुट्टीत, कचेरीत काम करणाऱ्या माणसांसाठी मैफली कराव्यात, असे तिने सुचविले. १० ऑक्टोबर १९३९ रोजी पहिल्या दिवशी ती स्वतः वाजवायला बसली. तिकीट एक शिलिंग. दारात रांग लागली.

सोमवार ते शुक्रवार ही मालिका साडेसहा वर्षे, १९४६ च्या एप्रिलपर्यंत, चालली. १,६९८ मैफली झाल्या, आणि श्रोत्यांची मोजदाद सव्वाआठ लाखांच्या आसपास भरली. लंडनवर बाँब पडू लागले तेव्हा मैफल तळघरात नेली. एकदा इमारतीत न फुटलेला बाँब सापडला म्हणून मैफल दूरच्या दालनात हलविली. चौघे वाजवीत असताना तो बाँब फुटला, तरी वाजविणे थांबले नाही.

पण पालकांसाठी मला यातली वेगळीच गोष्ट मोलाची वाटते. प्रत्येक कलावंताला मानधन एकच होते, पाच गिनी. नाव मोठे असो की लहान, पाच गिनी. उरलेले पैसे गरजू वादकांच्या मदतनिधीला जात. ज्याला कोणी ओळखत नव्हते अशा तरुण वादकालाही त्यामुळे मोठ्या कलावंताच्या बरोबरीने जागा मिळाली. आणि कचेरीतले कारकून, टायपिस्ट, रजेवर आलेले शिपाई यांना या संगीताची सवय लागली. युद्धानंतर लंडनमध्ये तरुण वादकांना श्रोते सापडले त्याचे बरेचसे श्रेय मी तरी या एक शिलिंगच्या तिकिटाला देतो.

आता त्या तरुण वादकांपैकी चौघांकडे येऊ.

नॉर्बर्ट ब्रायनिन, पीटर शिडलॉफ आणि सिगमुंड निसेल. ब्रायनिन आणि निसेल वयाने लहान असताना व्हिएन्नात वाढले, शिडलॉफही ऑस्ट्रियाचाच. तिघेही यहुदी घरांतले. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया घेतला आणि ही मुले जीव वाचवून इंग्लंडला आली. १९४० च्या उन्हाळ्यात त्याच इंग्लंडने त्यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरवून तारेच्या कुंपणात डांबले. विचार करा, ज्या हिटलरच्या भीतीने पळाले त्याचीच माणसे समजून कैदेत! ब्रायनिन सतरा वर्षांचा होता. छावणीत त्याची गाठ शिडलॉफशी पडली. पुढे ब्रायनिन सुटला, शिडलॉफला आइल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत पाठविले, आणि तेथे त्याला निसेल भेटला. तिघांचे वाद्य एकच, व्हायोलिन.

सुटकेनंतर पैसा कोणाकडेच नव्हता. ब्रायनिन युद्धकाळात यंत्रांच्या कारखान्यात फिटरचे काम करीत असे. मॅक्स रोस्टाल नावाचे एक नामांकित व्हायोलिन शिक्षक लंडनमध्ये होते. बर्लिनमध्ये ते प्राध्यापक होते, नाझींमुळे त्यांनाही देश सोडावा लागला होता. त्यांनी या मुलांना शिकविले, आणि फी घेतली नाही. आपल्याला यात नवल वाटू नये. मिरजेला दर्ग्यात ज्यांच्या स्मरणार्थ दरसाल गाणे होते त्या उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांनी पुण्यात विद्यालय चालविले तेही असेच, मुलांच्या ऐपतीकडे न पाहता. उस्ताद कोठलाही असो, शागीर्दाची बोटे पाहिली की तो खिसा पाहायचे विसरतो.

आता अडचण पाहा. चौकडीत व्हायोलिने दोनच लागतात, आणि हे तीन. शिवाय त्या दोहोंतही पहिले व्हायोलिन एकच. लोकांचे लक्ष जाते ते त्याच्याकडे. ब्रायनिनने १९४६ मध्ये कार्ल फ्लेश स्पर्धा जिंकली होती, त्यामुळे पहिली जागा त्याची. निसेलने दुसरे व्हायोलिन पत्करले. शिडलॉफने व्हायोलिन खाली ठेवून व्हिओला हाती घेतला. व्हिओला थोडा मोठा, आवाज खर्जाकडचा, आणि त्या काळी व्हायोलिनवाले त्याच्याकडे जरा तुच्छतेनेच पाहत. ज्याने लहानपणापासून एका वाद्यावर जीव लावला त्याने ते बाजूला ठेवायचे, हे मुलांनो, वाटते तेवढे सोपे नाही. पुढे त्याच शिडलॉफची गणना जगातल्या पहिल्या प्रतीच्या व्हिओलावादकांत झाली आणि त्याच्या हाती स्त्रादिव्हारीने घडविलेला व्हिओला आला. स्त्रादिव्हारीचे व्हिओला जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत.

चौथा मार्टिन लव्हेट. तो लंडनचाच, वडील चेलोवादक. रोस्टाल यांच्याकडे शिकणाऱ्या सुझान रोझा या मुलीमुळे त्याची या तिघांशी ओळख झाली. ती पुढे त्याची पत्नी झाली. १९४७ च्या उन्हाळ्यात डार्टिंग्टन या गावी चौघे प्रथम लोकांसमोर वाजवायला बसले. तेथे शिकविणाऱ्या इमोजेन होल्स्ट या संगीतज्ञ बाईंनी ते ऐकले, आणि लंडनच्या विगमोर हॉलमध्ये मैफल करता यावी म्हणून शंभर पौंड दिले. साडेपाचशे खुर्च्यांचे हे सभागृह, पण तेथे वाजविल्याशिवाय लंडनमध्ये तुमची दखल कोणी घेत नाही. १० जानेवारी १९४८ रोजी मैफल झाली. सभागृह भरले. मोझार्टच्या नावावरून त्यांनी 'अमॅडियस क्वार्टेट' हे नाव घेतले होते, आणि त्या रात्रीनंतर त्यांना दुसरा धंदा शोधावा लागला नाही.

पण त्या रात्रीपूर्वीचा हिशेब मांडून पाहा. व्हिएन्नातल्या लहानपणापासूनची मेहनत, एका शिक्षकाने सोडलेली फी, एका बाईंचे शंभर पौंड, आणि ऐकायला येणारे श्रोते. यातले एकही कमी पडले असते तर ब्रायनिन कदाचित चांगला फिटर म्हणून निवृत्त झाला असता. फिटरचे काम कमी दर्जाचे आहे असे मी म्हणत नाही. माझ्याच घरात फिटर आहेत.

पुढची चाळीस वर्षे कशी गेली ते थोडक्यात सांगतो. हजारो मैफली, बहुतेक वर्ष आगगाडीत, विमानात आणि हॉटेलात. तालीम रोजची, आणि तालमीत भांडणेही रोजची. एका सुरावर किती थांबायचे यावर चौघांची चार मते असत. ज्या भाषेच्या मुलुखातून जीव घेऊन पळाले त्याच जर्मनीत ते १९५० पासून वाजवू लागले. त्यांच्या बहुतेक ध्वनिमुद्रिका काढल्या त्या डॉइच ग्रामोफोन या जर्मन कंपनीने. कोलोनच्या संगीत महाविद्यालयात त्यांनी शिकविले. मैफल, ध्वनिमुद्रण आणि अध्यापन, या तीन पायांवर या कलावंतांचा संसार उभा असतो, आणि त्यातला तिसरा पाय सर्वांत भरवशाचा. बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकाराने आपला तिसरा क्वार्टेट त्यांच्यासाठी लिहिला. १९७६ च्या डिसेंबरात ते त्यांनी प्रथम वाजविले तेव्हा ब्रिटनला जाऊन पंधरवडा झाला होता.

१९८७ च्या ऑगस्टमध्ये शिडलॉफ वारला. व्हिओला वाजविणारा दुसरा कोणीही मिळाला असता, जगातून कोणीही आनंदाने आला असता. उरलेल्या तिघांनी चौकडी त्या दिवशी बंद केली. ते शिकवीत राहिले. ब्रायनिन २००५ मध्ये गेला, निसेल २००८ मध्ये, आणि चेलोवाला लव्हेट २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत, वयाच्या ९३ व्या वर्षी.

"हे लंडनचे झाले, आपल्या मुंबईचे काय?" असे कोणी विचारील. मुंबईचेही सांगतो. मेहली मेहता या पारशी गृहस्थांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला आणि १९४० मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट. पण मुंबईत तेव्हा या संगीताला पुरेसे श्रोतेही नव्हते आणि पुरेशा तारखाही नव्हत्या. ते न्यूयॉर्कला जाऊन शिकले, परत आले, आणि शेवटी पन्नाशीच्या उंबरठ्यावर मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात नोकरीला लागले. तेथून फिलाडेल्फियाच्या कर्टिस क्वार्टेटमध्ये, आणि १९६४ मध्ये लॉस एंजेलिसला जाऊन तरुणांचा वाद्यवृंद उभारला. त्यांच्या मुलाने मुंबईत वैद्यकीच्या वाटेवरचा अभ्यास सुरू केला होता. तो अर्धवट सोडून १९५४ मध्ये, अठराव्या वर्षी, तो व्हिएन्नाला गेला. तो मुलगा म्हणजे झुबीन मेहता. तो नामांकित झाला म्हणून आज आपण बापाला शाबासकी देतो. परवानगी दिली त्या दिवशी शाबासकी द्यायला कोणी नव्हते.

आणि ज्यांना परदेशी जाता आले नाही ते? त्यांनाही पोट होते. गोव्याहून आलेल्या कितीतरी व्हायोलिनवाल्यांनी हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत रोजंदारीवर वाजविले. त्यांतले माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू. ती कमाई बरी होती. पुढे सिंथेसायझर आला आणि पन्नास व्हायोलिनांचे काम एक यंत्र करू लागले, तेव्हा त्या घरांचे हाल झाले. हेही पालकांनी ध्यानात ठेवावे. २००६ मध्ये मुंबईच्या एन.सी.पी.ए. मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला तेव्हा त्यात वादक बाहेर देशांतून बोलवावे लागले. म्हणजे खुर्ची आहे, पण त्या खुर्चीवर बसण्याइतकी तयारी असलेली आपली मुले कमी आहेत.

तेव्हा पोट भरेल का? शिकविण्याची तयारी ठेवली, दुसऱ्या खुर्चीवर बसण्याची तयारी ठेवली, तर भरते. चैन होईलच असे नाही. ज्याला फक्त पहिली खुर्ची हवी आहे त्याने या वाटेला जाऊ नये.

ज्या घरात असे मूल आहे त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. व्हायोलिन मुलाच्या हाताच्या मापाचे लागते. पाव, अर्धे, पाऊण अशी मापे असतात आणि वाढत्या वयात ती बदलावी लागतात. म्हणून पहिले वाद्य महाग घेऊ नका, मिळाल्यास वापरलेले घ्या. सहा-सात वर्षांचे वय सुरुवातीला उत्तम, बारावे उशिराचे, पण अशक्य नाही. वाद्यापेक्षा शिक्षक आधी शोधा. शाळेचा अभ्यास सोडू देऊ नका. आणि रोज तासभर तेच-तेच सूर घासण्याचा आवाज घरात सहन करावा लागेल, त्याबद्दल शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा.

सभेनंतर मी अर्धा तास येथेच आहे. ज्यांना आपल्या मुलामुलींबद्दल काही विचारायचे आहे त्यांनी मुलांना बरोबर घेऊन यावे.