दुखणं बाईचं, हिशोब कुणाचा?

(बारामती व इंदापूर तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



इंदापूर तालुक्यातल्या एका बैठकीत एक ताई भिंतीला हात टेकून उठल्या. वय चाळिशीच्या आतलं. "काय होतं?" विचारलं तर म्हणाल्या, "बाईच्या जातीला दुखायचंच."

मग आम्ही हिशोब मांडला. तीन वर्षं कंबरदुखीची इंजेक्शनं, अधूनमधून सलाईन, एकदा पुण्याला जाऊन एमआरआय. त्यापायी कानातलं गहाण. शेवटी एका डॉक्टरांनी नीट विचारलं, "उकिडवं बसून उठता येतं का? जिना चढताना मांड्या भरून येतात का?" ड जीवनसत्त्व फार कमी निघालं. आठवड्याला एक अशा ६०,००० युनिटच्या आठ गोळ्या आणि सोबत कॅल्शियम. या सगळ्याला पुण्याच्या एका फेरीपेक्षा कमी पैसे लागले. काही महिन्यांत इंजेक्शनं थांबली.

एवढ्या उन्हाच्या मुलखात हे कसं? ऊस तोडणारी बाई पात कापू नये म्हणून साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालते, तोंडाला फडकं बांधते. बारामतीच्या टेक्स्टाईल पार्कमध्ये शिवणकाम करणारी दिवसभर छपराखाली असते. ऊन अंगावर असतं, कातडीला लागत नाही. घरचं दूध डेअरीला जातं, उरलं तर आधी मुलाला.

पण सावध राहा. प्रत्येक दुखणं 'ड'चं नसतं. अमेरिकेत पंचवीस हजारांवर लोकांना सुमारे पाच वर्षं ड जीवनसत्त्व किंवा नुसती गोळी देऊन पाहिलं. २०२२ साली निष्कर्ष आला की सरसकट गोळ्या देऊन हाडं मोडायची कमी झाली नाहीत. निरोगी माणसांची उगाच तपासणी करू नये, असं तिथल्या हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये सांगितलं. म्हणजे जिला खरी कमतरता आहे तिच्यावरच्या उपचारानेच पैसे वाचतात. सगळ्यांच्या 'पॅकेज' तपासण्यांनी लॅबचं घर भरतं. आणि मनाने गोळ्या खाल्ल्या तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला धोका होतो.

मग करायचं काय? ही गोळी राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. तेव्हा औषध तिथे हवंच. संपलं असेल तर चिठ्ठी घेऊन मेडिकलकडे जाऊ नका. गटाने मिळून लेखी अर्ज द्या.

दुसरं, गटाच्या वहीत बचतीशेजारी दुखण्याच्या खर्चाचं एक पान ठेवा. इंजेक्शन कशाचं, किती रुपयांचं, गुण आला का, सगळं लिहा. सहा महिन्यांनी ते पान वाचाल, तेव्हा 'दुखायचंच' हा शब्द आपल्याच तोंडी यायचा नाही.